पांढऱ्या कपाळाची तबकडी

मी तबकडी बोलतेय. आजवर सुई टेकवल्याशिवाय मी बोलले नाही, आणि सुई टेकवली तरी दुसऱ्याचंच बोलले. आज माझं स्वतःचं सांगते. ऐकायचं तर नीट बसून ऐका. मनधरणी करायला मला कुणी शिकवलेलं नाही.

कुणी मला रेकॉर्ड म्हणतं, कुणी प्लेट. मोखाड्याकडची माणसं थाळी म्हणायची. अंग माझं लाखेचं. पळसाच्या, कुसुंबाच्या फांद्यांवर बारीक किडे बसतात, त्यांची ती लाख. त्यात दगडाची पूड कालवली, काजळी घातली, तापवलं आणि साच्यात दाबून काढलं. म्हणजे मूळची मी रानातलीच. माझ्या अंगावर जो आवाज कोरला, तोही रानातलाच.

माझ्या बहिणींच्या मधोमध रंगीत कागद असतो. त्यावर कंपनीचं चित्र, गाणाराचं नाव, सगळा थाट. माझ्या मधोमध नुसता पांढरा कागद. नाव नाही, गाव नाही. बघणाऱ्याला वाटावं, हिचं कुणी नाहीच. पण माझं माणूस होतं, आणि कसं होतं तेच सांगायचंय.

जव्हारला तेव्हा संस्थान होतं. दरबाराच्या नोकरीत कर्णिक नावाचे कारभारी होते. त्यांना गाण्याचं वेड. पेट्याच्या पेट्या भरून तबकड्या घेतल्या होत्या त्यांनी. जेवायला पान वाढलं तरी म्हणायचे, "ही बाजू संपू दे." त्यांच्या बायकोनं, गोजाबाईनं, या तबकड्यांना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील ते तिचं तिला माहीत.

मोखाड्याहून खोडाळ्याकडं जाताना एक पाडा लागतो. तिथं सुकऱ्या नावाचा माणूस तारपा वाजवायचा. वाळवलेला दुध्या, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानाचा लांब कर्णा, एवढंच त्याचं वाद्य. पण तो फुंकायला लागला की बाया-माणसं हातात हात अडकवून त्याच्याभोवती गोल धरायची, आणि चंद्र डोक्यावरून खाली गेला तरी कुणी घरी जायचं नाव घ्यायचं नाही. तारप्यात मध्ये थांबून दम घेता येत नाही. सुकऱ्या थांबायचा नाही.

कारभाऱ्यांनी मुंबईची एक कंपनी बोलावली, आवाज कोरणारी. ते लोक भाद्रपदात आले, यंत्रं मांडली. सुकऱ्या आला, हात जोडून उभा राहिला. तारपा काही आणला नव्हता.

"वाद्य कुठाय तुझं?" कंपनीवाल्यानं विचारलं.

"कुडाला टांगलाय, सायेब. आता नाय काढता येत. नवा भात खाल्ला का मंग काढतो आमी."

"अरे, आम्ही एवढ्या लांबून आलो!"

"आलां ते बरा झाला. पानी प्या. पन तारपा नाय."

त्याच्या लोकांत तसंच आहे. शेतात भात उभं असताना, घरात नवा दाणा यायच्या आधी, तारपा फुंकायचा नाही. फुंकला तर पीक रुसतं, आणि ते एकट्याचं नाही, सगळ्या पाड्याचं. कंपनीवाला चिडला. कारभारी चिडले नाहीत, ही त्यांची मोठी गोष्ट. ते म्हणाले, "दसऱ्यानंतर पुन्हा या. खर्च माझ्याकडे." मग पाड्यावर नव्या भाताचा सण, म्हणजे नवा, झाला, देवाला दाणा दाखवला, आणि सुकऱ्या तारपा खांद्यावर टाकून जव्हारला आला. त्या दिवशी त्यानं जे वाजवलं ते माझ्या अंगावर आहे.

कंपनीनं मला विकायला मात्र काढलं नाही. त्यांच्या माणसानं कारभाऱ्यांना तोंडावर सांगितलं, "ज्यांना हे आवडतं त्यांच्याकडे यंत्र नाही, आणि ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांना हे आवडत नाही." त्या दिवशी जे जे कोरलं होतं त्याची एकेक नमुन्याची तबकडी तेवढी पाठवून दिली. सगळ्यांना पांढरे कागद. त्यातली मी एक.

सुकऱ्यानं मला एकदाच ऐकलं. बायकोला, बुधीला, घेऊन आला होता. आधी यंत्राच्या कर्ण्यात डोकावला. मग जाजमावर बसून शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "हा मी नाय. हा माझा बापूस वाजवतोय." आणि हसला. बुधीनं पोटाशी लक्ष्याला धरलं होतं, अंगावर पिणारं पोर. निघताना ती ओटीवरून उलट्या पावलांनी उतरली. तारप्याला पाठ दाखवायची नाही, म्हणून. मला पाठ दाखवली नाही तिनं! लाखेच्या थाळीला इतका मान पुन्हा कुणी दिला नाही.

कारभारी तिला म्हणाले, "ही तुमचीच आहे. तुमच्याकडे यंत्र नाही म्हणून माझ्याकडे ठेवली."

पुढच्या उन्हाळ्यात सुकऱ्या गवत कापायला खाली समुद्राकडं, बंदरपट्टीत गेला आणि ताप घेऊन परत आला. पावसाच्या आत गेला. त्याच्या चाली दुसऱ्या कुणाला येत नव्हत्या. त्या बापानं मुलाला द्यायच्या असतात, आणि मुलगा तर अजून रांगत होता.

मग दरवर्षी नवा झाला की बुधी यायची. पानात नवे तांदूळ बांधून आणायची, ओटीखाली बसायची. कारभारी मला काढायचे, कपड्यानं पुसायचे, एकदा वाजवायचे. दुसऱ्यांदा वाजवा असं ती कधी म्हणाली नाही. कारभाऱ्यांनी एकदा विचारलं, "पुन्हा लावू का गं?" तर म्हणाली, "नको. तो दमला असल."

वर्षभर बाकीच्या तबकड्या वाजायच्या, मी त्या एका दिवसापुरती. मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग संस्थान विलीन झालं. मी पेटीत होते, मला काय दिसणार? बाहेर घोषणा झाल्या, भाषणं झाली. घरात आवाज उतरले एवढं कळलं. कारभारी दरबारी अंगरखा घालून ओटीवर बसायचे आणि जायला दरबार नव्हता. जुनं गेलं ते चांगलं की वाईट, ते माणसांनी ठरवावं. वेठबिगारीवाल्या माणसाला विचारा, तो वेगळं सांगेल. माझ्यापुरतं एवढंच झालं की यंत्राला चावी द्यायची कारभाऱ्यांची हौस गेली. पुढं छातीचं दुखणं लागलं. मुलगा मुंबईला औषधपाण्याला घेऊन गेला. गोजाबाई बरोबर गेली. घराला कुलूप.

तरी नवा झाला की बुधी यायचीच. मला आतून ऐकू यायचं. कडी हलवायची. पायरीवर बसायची. बरोबरच्या पोराला सांगायची, "आत हाय तुझा बापूस." मग जायची. तांदळाची पुडी दारातच ठेवायची. ती चिमण्यांनी खाल्ली असेल, नाहीतर उंदरांनी.

एका श्रावणात कुलूप उघडलं. गोजाबाई एकटीच आली होती. कारभारी मुंबईतच वारले. ती घर मोकळं करायला आली होती. मुलाच्या दोन खोल्यांत तिला स्वतःला जागा होती, पेट्यांना नव्हती. मागोमाग मुंबईहून जुन्या तबकड्यांचा व्यापारी आला. देवजी त्याचं नाव. बाहेर लॉरी उभी.

या लोकांची एक रीत असते. ते निवडत नाहीत. निवडायला लागलं की विकणाऱ्याला कळतं, कशाला मोल आहे. म्हणून देवजीनं दोनतीन तबकड्या उजेडाकडं धरल्या, नखानं कड चाचपली आणि हात झटकले. "बाई, मी तर सगळा माल एकसाथ उचलतो. चांगलं-वाईट सगळं. यंत्र पण घेतो."

"न्या बाबा," गोजाबाई म्हणाली. "माझा जन्म यांची धूळ पुसण्यात गेला."

रागानं म्हणाली. पण पेटी उचलली तेव्हा पदर डोळ्याला गेला तिचा.

पेट्या ओटीवर आल्या आणि तेवढ्यात खालून हाक आली. "वैनीसायेब! थांबवा ओ त्यांना!"

बुधी. मोखाड्याच्या बाजारात तिला कळलं होतं की कारभाऱ्यांचं घर रिकामं होतंय. डोक्यावरचं इरलं टाकून तशीच पायऱ्या चढली. पायाला पोटऱ्यांपर्यंत शेतातला चिखल. बरोबर लक्ष्या, आता उंच, खांदे रुंद, मुंबईच्या गोदीत काम करून आलेला, अंगात शर्ट. बापाचा तारपा तो फुंकायचा, दम होता त्याच्यात, चाल नव्हती. पाड्यावर नाच असला की दुसऱ्या पाड्याचा वाजवणारा आणावा लागायचा, आणि म्हाताऱ्या तोंडावर म्हणायच्या, "सुकऱ्याचा पोर हाय आनि उसना तारपा." त्याला चाल हवी होती. ती माझ्याजवळ होती. दुसरीकडं कुठंही नव्हती.

"माझी थाळी हाय यात," बुधी म्हणाली. "कारभाऱ्यांनी माझे नवऱ्याची केलेली. पांढऱ्या कपाळाची."

गोजाबाई म्हणाली, "हो, हे म्हणायचे खरं, तारपेवाल्याची एक ठेवलीय म्हणून. पण कुठली ते मला काय ठाऊक?"

देवजी माणूस वाईट नव्हता. त्यानं पेटी उघडली, पांढऱ्या कागदाच्या सगळ्या काढून ओटीवर मांडल्या. आम्ही सहाजणी. सारखं अंग, सारखं कपाळ.

"यातली कुठली?"

बुधी आमच्यावर वाकली. बोट फिरवलं. माझ्यावरून फिरवलं आणि पुढं गेली. मला ओरडावंसं वाटलं. पण सुईशिवाय मला तोंड कुठलं?

"अरे, सोपं आहे," देवजी म्हणाला. "यंत्र इथंच आहे. एकेक लावतो. तुझा तारपा वाजला की उचल आणि जा."

त्यानं चावी दिली.  आता बोलेन, आता हिला कळेल.

"नको!" बुधी म्हणाली.

"का?"

"भात पोटरीत आलाय, लोंबी भायेर नाय. नवा नाय झाला."

देवजीला काही कळेना. लक्ष्याला कळलं. तो खालच्या आवाजात म्हणाला, "आये, हा थाळीतला तारपा हाय. कोन फुंकतोय का आता?"

"आवाज त्याचाच ना?"

"आवाज त्याचा, पन..."

"मंग तोच फुंकतोय."

"कर्ण्यात फडका कोंबू. बाहेर जानार नाय."

"शेताचे कानात पन कोंबशील?"

"बरा, तारपा लागला का लगेच सुई उचलू. एक फुंकर."

"एक निघाली तरी निघालीच. तुझा बापूस सायबापुढं उभा राहून नाय म्हनला होता. मी त्याची बायको, मी त्याला आज वाजवाय लावू? पाड्याचा भात करपला तर कुनाचे तोंडाकडं बघू?"

गोजाबाईला राहवलं नाही. "अगं बुधे, संस्थान गेलं, राज्य बदललं, सगळं उलटंपालटं झालं. तुझं अजून तेच?"

बुधी वळली. "राज्य बदलला म्हनून भात मुळाकडून पिकायला लागला काय, वैनीसायेब?"

 देवजीसुद्धा हसला, आणि मग हसणं आवरलं.

"शेठ, ठेव ना इथं. दिवाळीच्या आत ऐकून घेईन. एक थाळी."

"इथं ठेवू कुठं? घरच रिकामं होतंय."

"तर मंग साही थाळ्या दे."

देवजीनं मान हलवली. "कोऱ्या कागदाच्या तबकडीत काय निघेल सांगता येत नाही, बाई. कधी कधी सगळ्या पेटीची भरपाई त्यातच होते. आमचा धंदाच तो." मग पावसाकडं बघितलं, लॉरीकडं बघितलं. "एक घे. तुझ्या हातानं. तुझ्या नशिबात असेल तर तीच निघेल."

लक्ष्या रागानं लाल झाला होता. "आये, सांग त्याला लावायला. चाल जाईल. कायमची जाईल."

 मी बुधीचं तोंड बघत होते. ती यंत्राकडं बघत होती, आणि तिचा हात एकदा उचलला गेला, मी शपथेवर सांगते, यंत्राच्या दिशेनंच उचलला गेला. हो म्हणाली असती तर कुणी तिला बोल लावला नसता. मी तर नाहीच. पण हात तिनं परत पदरात घेतला.

"तू उचल," ती लक्ष्याला म्हणाली. "तुझा बापूस हाय."

त्यानं आमच्यावरून हात फिरवला, डोळे मिटले, आणि माझ्या शेजारची उचलली. मला त्याचं बोट लागलं. एवढंच अंतर.

बुधीनं तिला डोक्यावरच्या फडक्यात गुंडाळलं, वर इरलं धरलं. "खोडाळ्याचे मास्तरांकडं थाळी वाजवायचा वाजप हाय," ती म्हणाली. "नवा झाला का लावू."  आई उलट्या पावलांनी पायऱ्या उतरली तेव्हा लक्ष्या मात्र पाठ करून पुढं निघून गेला. ती उलटी उतरत होती ती कुठल्या थाळीसाठी, तिला काय माहीत! हातातल्या थाळीला की ओटीवर राहिलेल्या आम्हाला! मी तो मान माझाच धरला. दुसरं काय करू?

मग लॉरी, घाट, आणि मुंबईतलं हे गोदाम. इथं छतापर्यंत पेट्या आहेत. कुणाकुणाच्या घरातून निघालेल्या, सगळ्या एकगठ्ठा, न ऐकता उचललेल्या. कुणाची लग्नात आलेली, कुणाची मेलेल्या लेकीची आवडती. इथं सगळ्या एकाच भावाच्या.

देवजीनं नावाच्या तबकड्या आठवड्याभरात विकल्या. मग कोऱ्या लावून बघितल्या. पहिलीत दरबारच्या बँडची सलामी निघाली, दुसरीत निम्म्यात तुटलेलं कीर्तन. त्याचं तोंड वाकडं झालं. माझी पाळी आली आणि तो कंटाळला. न लावताच मला तडा गेलेल्यांच्या ढिगावर टाकलं. त्या ढिगाची लाख दळून, वितळवून नव्या तबकड्या करणारा कारखाना आहे. त्यांची गाडी उद्या येणार, असं आत्ता कामगार बोलत होते.

त्यानं मला लावलं नाही, ते मला बरंच वाटलं. अजून भात उभं आहे.

दळलं जायची मला भीती नाही. मी लाख आहे. वितळेन, कुणाचं तरी गाणं होईन, कपाळावर रंगीत कागदही मिळेल. पण सुकऱ्याची चाल जाईल. ती त्याच्या बापाकडून आली होती, त्या बापाच्या बापाकडून आली असेल. उद्यानंतर ती कुठल्या पाड्यावर, कुठल्या पेटीत, कुणाच्याच तोंडात असणार नाही. कुणामुळं गेली म्हणून विचाराल, तर मला एक माणूस दाखवता येत नाही. कारभाऱ्यांनी जपली, गोजाबाईला जागा नव्हती, देवजीनं एक फुकट दिली, बुधीनं रीत पाळली. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि मी ढिगावर.

आता लक्ष्यानं उचललेली ती कोणती, ते सांगते. आम्ही एकाच दिवशी कोरलेल्या, एकाच पुडक्यातून आलेल्या, मला ती पुरती ठाऊक आहे. यंत्र नीट चालतंय का, ते बघायला त्या दिवशी सगळ्यात आधी ती कोरली. तिच्यात तारपा नाही. तिच्यात कारभारी भाषण करतायत. संगीताची थोरवी सांगतायत, खाकरतायत, पुन्हा सांगतायत. कंपनीवाला मागून "बस, बस" म्हणतो. आणि अगदी शेवटी, सुई आतल्या कागदाला लागायच्या जरा आधी, लांबून एक माणूस विचारतो, "सायेब, आता वाजवू का? नवा खाल्लाय आमी."

तो सुकऱ्या. त्याचं बोलणं जगात तेवढंच उरलंय. बुधीनंही हे कोरलेलं कधी ऐकलेलं नाही, आणि लक्ष्याला तर बापाचं बोलणं ऐकल्याचं आठवणारच नाही.

बुधे, माझं बोलणं तुला ऐकू येत नसेल, तरी सांगते. थोड्या दिवसांनी तुमच्याकडं नवा होईल. देवाला दाणा दाखवाल, मास्तरांकडं जाल, माणसं गोल बसतील. सुई टेकेल आणि कारभारी बोलायला लागतील.  म्हाताऱ्या कुजबुजतील. लक्ष्या म्हणेल, "सांगत होतो ना!" आणि सुई उचलायला हात पुढं करील.

त्याचा हात धर. तू घट्ट बाई आहेस, धरशील. भाषण लांब आहे, कंटाळवाणं आहे, पण बसून राहा. पोराला जवळ बसव. सुई कागदाला लागेपर्यंत कुणाला हलू देऊ नको.

आणि सुकऱ्यानं विचारलं, की हो म्हण.